न पेटणारा दिवा : पुणे, महाड, पोलादपूर, आंबेनळी

या प्रवासाला निघायचं मी चार महिने टाळत होतो. शेवटी दिवाळीच्या सुटीतली पहिली रिकामी सकाळ पाहून स्वारगेटहून भोरमार्गे महाडला जाणारी एसटी पकडली. पिशवीत कपड्यांचा एक जोड, पाण्याची बाटली आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात गाडीच्या चाकाचा सेन्सर.

महाडच्या एका गॅरेजात माझ्या धाकट्या भावाची, संजयची, गाडी उभी होती. आधी ती माझीच होती. दोन वर्षांपूर्वी मी नवी घेतली आणि ही त्याला दिली. तो पोलादपूरला हायस्कुलात शिक्षक होता. जुलैत आंबेनळी घाटात पावसात गाडी घसरली, गर्रकन फिरून त्याच्या बाजूने डोंगराच्या दरडीवर आदळली. महाडला नेईपर्यंत तो गेला.

एक गोष्ट फक्त मला माहीत होती. या गाडीला एबीएस आहे. जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊन गाडी घसरू नये, यासाठीची ती सोय. प्रत्येक चाकापाशी वेग मोजणारा एक सेन्सर असतो. त्यात बिघाड झाला की डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो आणि ही सोय बंद होते. साधे ब्रेक लागत राहतात, म्हणून कुणी घाई करत नाही. गाडी माझ्याकडे असतानाच तो दिवा लागला होता. पुण्यातला मेकॅनिक म्हणाला, "सेन्सर मिळायला वेळ लागेल. तोवर बल्ब काढून टाकू का? सगळे तसंच करतात." मी हो म्हणालो. सेन्सर मागवायचं राहून गेलं. संजयला गाडी दिली तेव्हा यातलं काही सांगितलं नाही.

अपघातानंतर गाडी रऊफभाईंच्या गॅरेजात ओढून नेली. संजय सर्व्हिसिंगही तिथेच करायचा. रऊफभाईंनी स्वतःहून घरच्यांना सांगितलं की या दिव्याचा बल्बच जागेवर नाही. झालं, सगळ्यांनी ठरवलं की बल्ब त्यांनीच काढला. मंगल, म्हणजे संजयची बायको, मला फोनवर म्हणाली, "दादा, त्या रऊफनं दिवा काढला होता." मी फक्त "हं" म्हणालो.

ते "हं" परत घ्यायला मी निघालो होतो. सेन्सर हे निमित्त.

भोरपर्यंत रस्ता बरा आहे. पुढे नीरेच्या धरणाच्या काठाने वळणं सुरू होतात. मळमळणाऱ्यांनी पुढच्या बाकड्यावर बसावं. वरंधा घाटात वाघजाईपाशी गाडी थांबते, तिथे कांदाभजी आणि चहा मिळतो. कंडक्टर ओरडला, "दहा मिनिटं!"

"दहा म्हणतो नि पंचवीस लावतो," माझ्या शेजारची आजी तिच्या सुनेला म्हणाली. "तू खा गो निवांत."

"आजी, तुम्हाला सोडून जाऊ काय?" कंडक्टर म्हणाला.

"जाशील कसा? तुझा डायवर बघ, तो दुसरी प्लेट घेतोय."

सगळे हसले. समोर दरीत कोवळं ऊन होतं, कड्यांवर गवत पिवळं पडायला लागलं होतं. फोटो काढण्यासारखी जागा आहे. मी काढला नाही. पूर्वी दर दिवाळीला आम्ही दोघं याच एसटीने गावी जायचो आणि संजय माझ्या वाटणीची भजी खायचा. मी एक प्लेट घेतली आणि ती तशीच आजीला तिच्या नातवंडांसाठी दिली.

दुपारी महाडला उतरलो. स्टँडजवळ साधे लॉज आहेत, खोली स्वच्छ मिळाली. खानावळीत बांगड्याचं ताट बरं होतं. वेळ होता तरी गॅरेजकडे गेलो नाही. चवदार तळ्याच्या कठड्याशी संध्याकाळपर्यंत बसलो. लहानपणी वडील आम्हाला इथे आणायचे. संजयच्या पुण्यानुमोदनाला, तो गेल्यावरच्या विधीला, मी त्याच्याबद्दल चार शब्द बोललो होतो. प्रामाणिक होता, असं म्हणालो होतो. तेही आठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेजवर गेलो. हायवेलगत पत्र्याची शेड, शेजारी चहाची टपरी. रऊफभाई साठीच्या आसपासचे. अठरा वर्षं सौदीत गाड्यांचंच काम करून परतलेले, त्यामुळे एबीएस समजणारा माणूस या भागात तेच. गाडीचा पत्रा सरळ झाला होता, दरवाजा दुसरा बसवला होता. रंग किंचित वेगळा दिसत होता.

"नवीन सेन्सर कशाला आणलात?" त्यांनी विचारलं. "विकायचीच हाय ना गाडी?"

"विकायची नाही. नीट करायची आहे."

तेवढ्यात टपरीवरून एका जीपवाल्याने हाक मारली. "पाव्हणं, जाताना बल्ब मोजून घ्या हां! इथं कमी भरतात!"

टपरीवरचे दोघेतिघे हसले. रऊफभाईंनी मान वर केली नाही. पान्हा शोधत म्हणाले, "पोलादपूरच्या आठ जीपा माझ्याकडे यायच्या. आता हा एक येतो, तोही चहा प्यायला."

मी बोलायला हवं होतं. गाडी जॅकवर चढताना बघत उभा राहिलो.

त्यांनी आधी नवा बल्ब बसवला. "दिवाच नाय तर गाडी बोलणार कशी?" मग डॅशबोर्डखालच्या सॉकेटात वायरचा तुकडा जोडून किल्ली फिरवली. पिवळा दिवा लुकलुकायला लागला. किती वेळा लुकलुकतो त्यावरून कुठलं चाक ते कळतं. रऊफभाई ओठातल्या ओठात मोजत होते. "मागचं डावं," ते म्हणाले.

पुण्यातल्या मेकॅनिकनेही हेच चाक सांगितलं होतं. त्यावरूनच मी सेन्सर आणला होता.

जुना सेन्सर गंजून जागेवर जाम झाला होता. बोल्टवर डिझेल टाकून थांबावं लागलं, तरी निघताना तो तुटलाच. चाकाबरोबर फिरणारी दातेरी रिंग त्यांनी ब्रशने साफ केली, नवा सेन्सर बसवला, किल्ली फिरवली. दिवा तसाच.

हे लिहितोय ते जुनी गाडी बाळगणाऱ्यांसाठी. सेन्सर बदलला म्हणजे काम झालं असं समजू नका. रऊफभाईंनी मीटर लावला, हाताने चाक फिरवलं. सेन्सर काम देत होता. मग मागची सीट काढून तिच्याखालच्या जोडावर मीटर लावला. तिथे काहीच येत नव्हतं. म्हणजे मधली वायर तुटलेली. चाक वरखाली होतं तिथे ती वर्षानुवर्षं वाकून आतल्या आत तुटली होती. वरचं रबर फक्त तडकलं होतं. त्यांनी ते सोललं. आतली तांब्याची तार हिरवी पडली होती.

"ही कधी तुटली असेल?" मी विचारलं.

"आमच्याकडच्या पावसात तांबं महिन्याभरात हिरवं होतं. गाडी पावसाळाभर बाहेर उभी होती. कधीची ते नाय सांगता येणार."

त्यांनी हिरवा तुकडा कापून खाली टाकला. मी तो उचलला. म्हणालो, "रऊफभाई, दिवा जुनाच होता. पुण्यात लागला होता. बल्ब मी काढायला लावला. गाडी संजयला देण्याआधी."

त्यांनी नव्या वायरला सोल्डरचा टाका मारला, टेप गुंडाळली, टेपचं टोक दाताने तोडलं. मग विचारलं, "तुम्हाला माहीत होतं, माझ्यावर आलंय ते?"

"पहिल्यापासून."

"चार महिने!" ते म्हणाले. वायर जागेवर दाबत म्हणाले, "मला सांगून काय उपयोग? तिला सांगा. मी येतो संगती. नाहीतर वाटेत तुमचा विचार बदलायचा."

दिवा विझला होता. पण चाक फिरताना परत लागतो का ते गाडी चालवल्याशिवाय कळत नाही. महाड ते पोलादपूर अर्धा तास. रऊफभाई शेजारी बसून डॅशबोर्डकडे बघत होते. एकदा मोकळा रस्ता पाहून म्हणाले, "दाबा ब्रेक, जोरात." मी दाबला. पायाखाली पेडल थरथरलं, गाडी सरळ रेषेत थांबली.

"असं व्हायला पायजे होतं," ते म्हणाले.

पोलादपूरला मंगलने मला पाहून चहा टाकला. रऊफभाई फाटकाबाहेर गाडीपाशी थांबले होते. खिडकीतून तिला ते दिसले. "त्याला कशाला आणलं, दादा?"

मी सांगितलं. उभ्याउभ्याच, सगळं. वायर हिरवी होती तेही.

ती भिंतीवरच्या फोटोकडे बघत होती. मग म्हणाली, "मागच्या वर्षी सर्व्हिसिंगला गाडी पुण्याला न्यायची का, असं ते विचारत होते. मीच म्हटलं, कशाला, दादांनी सगळं बघून दिलीय."

तिने दोन कप भरले होते. एक तसाच ओट्यावर ठेवला. दुसरा घेऊन माझ्या बाजूने बाहेर गेली आणि फाटकाशी थांबली. "रऊफभाऊ, आत या. बाहेर काय उभे राहता?"

ते माझ्याकडे बघत आत आले. तिने त्यांना खुर्ची दिली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, "चुकलं आमचं." मग दोघं संजयबद्दल बोलत बसले. ओट्यावरच्या कपावर साय धरली. मी निघतो म्हणालो तेव्हा तिने मान हलवली. वर पाहिलं नाही.

रऊफभाई एसटीने परत जाणार होते. मी पेट्रोल भरून आंबेनळीला लागलो. पोलादपुरातच टाकी भरून घ्या, वर महाबळेश्वरपर्यंत पंप नाही. घाट अरुंद आहे, वळणावर हॉर्न द्यावा. ती दरड मला माहीत होती. तिथे थांबलो. गवत वाढलेलं, काचेचे दोनचार खडे, बाकी काही नाही. समोरून एक गाडी आली, आत मुलं गाणी म्हणत होती. ती जाऊ दिली आणि निघालो. वाईमार्गे संध्याकाळी पुण्यात.

याला तीन आठवडे झाले. रऊफभाईंचा एकदा फोन आला. दोन जीपा परत यायला लागल्यात, म्हणाले. मंगलचा आला नाही. मी केला तर तिचा मुलगा उचलतो आणि आई कामात आहे म्हणतो. ते बरोबरच आहे. तारेचा तुकडा टेबलाच्या खणात आहे. कधीकधी काढून बघतो. हिरवा आहे, यापलीकडे तो काही सांगत नाही.

जुनी गाडी कुणाला देणार असाल तर त्याला शेजारी बसवा, किल्ली फिरवा आणि प्रत्येक दिवा पेटून विझतो का ते दोघांनी मिळून बघा. मी पुण्यात दारातच किल्ली दिली होती. संजयने विचारलं होतं, "दादा, गाडीचं काही बघायचंय का?"

मी म्हणालो होतो, "काही नाही. जा निवांत."