मागे भरलेली होडी

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की आधी राग येतो, मग थकवा. अलीकडे थकवाच जास्त येतो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. सुरतेबाहेर हजीऱ्याच्या रस्त्यावर एका ठाण्यात मी फौजदार होतो. तिकडे कारखाने वाढत होते, रस्ता मात्र तेवढाच होता. टँकर, सायकली, म्हशी, बैलगाड्या, सगळं त्याच पट्टीवर. अपघाताची केस कोणत्याही अधिकाऱ्याला नको असते. तीत चोर पकडायचा नसतो, माल सापडायचा नसतो, शाबासकीही नसते. पंचनामा, पोस्टमॉर्टेम, आरटीओचा अहवाल आणि कोर्टाच्या तारखा. म्हणून अशा केसेस माझ्याकडे यायच्या. माझ्यासाठी वरती शब्द टाकणारा कोणी नव्हता. वडील खानदेशातून सुरतेला लूमवर, यंत्रमागावर, आलेले. मी कडोदऱ्याला हातलारीवर कापडाच्या चिंध्या विकत शिकलो, शिपाई झालो, खात्याची परीक्षा देऊन फौजदार झालो. घासाघीस करणं आणि पटकन भडकणं, दोन्ही मी त्या लारीवरच शिकलो. पहिल्याने पोट भरलं. दुसऱ्याने काय केलं ते पुढे येईलच.

एका दुपारी फोन आला. खाडीकडे जाणाऱ्या फाट्यावर, मोरीच्या, म्हणजे छोट्या पुलाच्या, चढावर ट्रॅक्टरमागची ट्रॉली सुटली होती. दोन चाकी ट्रॉली, तिच्यावर कोरी करकरीत होडी. सुटलेली ट्रॉली मागच्या अंगावर बसली आणि होडीचं बूड डांबराला घासत ती उतारावरून तिरकी मागे आली. रस्त्याच्या कडेला एक कामगार पाळीवर जाण्यासाठी निघालेला होता. होडीला वाट द्यावी म्हणून तो सायकलवरून उतरून उभा राहिला होता. तो तिथेच गेला.

त्याची बायको संध्याकाळी ठाण्यात आली. आमच्याच खानदेशची. ती रडत नव्हती, एकच वाक्य म्हणत होती. "मना माणूस रस्ताना कडेले व्हता, साहेब. कडेलेच व्हता." माझा माणूस कडेलाच उभा होता. मी मान हलवली. दुसरं काय करणार?

ड्रायव्हर पळाला नव्हता. तो आपणहून ठाण्यात येऊन बाकावर बसला होता. तोही धुळ्याकडचा, बरीच वर्षं तिथल्या एका मच्छीमार वस्तीत या होडीच्या मालकाकडे कामाला. मी फिर्याद उघडली, त्याच्यासमोर बसलो.

"काय झालं?"

"पिन लावाले इसरी गऊ, साहेब." ट्रॉली ट्रॅक्टरला अडकवणारी पिन लावायलाच विसरलो, असं तो सांगत होता.

"प्यायला होतास?"

"नाही."

"घाई होती?"

"नाही. मीच इसरी गऊ. लिखी ल्या."

आमचा जमादार जुना सुरती. त्याने पेन माझ्या हातात दिलं. "साहेब, लखी नाखो ने! आयती कबुली घरी चालत आली. अशी रोज आली तर मी देवाला पेढे वाटीन."

मी लिहिलं नाही. बाजारात माणूस पहिल्याच तोंडाला पूर्ण भाव मान्य करतो तेव्हा दोनच कारणं असतात. तो मूर्ख असतो, किंवा देणं दुसऱ्याच्या खिशातून असतं. खऱ्या चुकीचा माणूस भाव करतो. रस्ता खराब होता, ब्रेक लागला नाही, मेलेलाच मध्ये आला, असं काहीतरी म्हणतोच. हा काहीच म्हणत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंचांना घेऊन परत जागेवर गेलो. मोरीच्या अलीकडे एक मोठा खड्डा आहे, त्याच्या बाजूच्या गटारात पिन सापडली. पिनेच्या खाली आरपार एक क्लिप घालायची असते, म्हणजे पिन वर उसळत नाही. इथे क्लिपच नव्हती. तिच्या जागी साडीची चिंधी बांधलेली होती, ती फाटून लोंबत होती. म्हणजे पिन लावली होती. न लावता ट्रॉली वस्तीच्या वेशीबाहेरसुद्धा आली नसती. ड्रायव्हर खोटं बोलत होता, आणि तेही स्वतःच्या विरुद्ध.

पण पिन वर उसळली कशी? ट्रॉलीचा दांडा खालून जोराने उचलला गेल्याशिवाय ते होत नाही. इथे माझी लारी कामाला आली. हातलारीवर मागे जास्त गठ्ठे टाकले की पुढचे दांडे वर जातात आणि ओढणारा हवेत लटकतो. लहानपणी मी कितीदा लटकलो आहे. होडीचं इंजिन मागेच बसवलेलं होतं, पण होडी बांधणाऱ्याच्या शेडपासून वस्तीपर्यंत ती तशीच आली होती, काही झालं नव्हतं. वस्तीत पूजा झाली आणि तिथून ती खाडीकडे निघाली. म्हणजे वस्तीनंतर मागे आणखी वजन चढलं होतं.

मी होडीत चढलो. पुढच्या टोकावर रंगवलेले डोळे, नारळ, हार, सगळं जागच्या जागी. मागच्या बाजूला, इंजिनाजवळ, तळाला हिरव्या बांगड्यांचे तुकडे.

मोरीच्या कडेला एक चहावाला होता. ट्रॉली आडवी अडकल्यामुळे त्याच्या टपरीचं तोंड बंद झालं होतं. तो कालपासून माझ्या मागे लागला होता. "साहेब, आ ट्रॉली क्यारे हटशे? मारो धंधो मरी गयो!"

"पंचनामा पुरा होईपर्यंत नाही."

"क्यारे पुरो थशे?"

"तू काय पाहिलंस ते सांगशील तेव्हा."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "आज हटवशो?"

"आत्ता. क्रेन बोलावतो."

मग त्याने सांगितलं. होडीत चार-पाच बायका बसल्या होत्या. नवी होडी पाण्याकडे रिकामी जाऊ द्यायची नाही, घरच्या लेकीबाळी तिच्यात बसवायच्या, अशी त्या वस्तीची रीत. आणि होडीच्या पुढच्या टोकाला देवीचं ठाणं, तिथे कोणी बसायचं नाही, म्हणून सगळ्या मागे. ट्रॉली बसली तशा त्या एकमेकींवर पडल्या. लोकांनी त्यांना उचललं आणि मी पोहोचायच्या आधी तिथून नेलं.

परत येऊन ड्रायव्हरला कोठडीतून बाहेर काढलं, समोर बसवलं, बांगडीचे तुकडे टेबलावर ठेवले. अहिराणीत बोललो, मराठीत बोललो, ओरडलो. टेबलावर हात आपटला तेव्हा जमादाराचा चहा सांडला.

"कोण बसलं होतं?"

"कोणीच नाही."

"ह्या बांगड्या तुझ्या का?"

त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर हसू आलं, लगेच गेलं. "साहेब, माणूस तर मेला ना? मग एकानं आत जायचं. मी जातो. तुम्हाला काय कमी पडतंय?"

मला कमी पडत होतं. हा माणूस तुरुंगात गेला असता, लायसन गेलं असतं, आणि पुढच्या होडीत पुन्हा तशाच बायका मागे बसल्या असत्या. मी वरच्या साहेबांना हे सांगितलं. होडीमालकाचं वस्तीत वजन होतं, आणि फोन आधीच येऊन गेले होते. साहेब म्हणाले, "पिन विसरली काय, उसळली काय, चूक ड्रायव्हरचीच. कबुली आहे ना? दोन दिवसांत चार्जशीट टाका."

मी मालकाला बोलावलं. धोतर, पांढरी मिशी, हात जोडलेले. मी त्याच्याशीही भाव केला. तू सांग बायका बसवल्या होत्या, मी त्यांची नावं शक्य तितकी बाहेर ठेवतो. तो मान खाली घालून बसला. मी आवाज चढवला, त्याची मान आणखी खाली. शेवटी एवढंच म्हणाला, "साहेब, मारी दीकरीनुं घर भांगी जशे." मुलीचा संसार मोडेल.

ती मुलगी दुसऱ्या दिवशी स्वतःच ठाण्यात आली. डावा हात ओढणीत अडकवलेला, पोटावरून दिवस गेलेले दिसत होते. दारातल्या शिपायाने विचारलं, कोणाकडे? ती म्हणाली, "मारा भाईने केम पूर्यो छे?" माझ्या भावाला का कोंडलंय? मला वाटलं, खरंच भाऊ असेल. तो होता आमचा धुळ्याचा ड्रायव्हर. लहानपणापासून ती त्याला राखी बांधत होती.

मी तिला बसवलं. जमादाराने न सांगता पाणी आणलं. तिने सरळ सांगितलं. सासरी न विचारता ती होडीच्या पूजेला आली होती. नव्या होडीने पाण्यात जाण्याआधीच माणूस खाल्ला आणि ती त्यात बसलेली होती, हे सासरी कळलं तर अपशकुनी म्हणून तिला परत घेणार नाहीत. म्हणून वडिलांनी सगळ्यांना शपथ घातली, आणि ड्रायव्हरने सगळं स्वतःवर घेतलं.

"मग तू इथे कशाला आलीस?" मी विचारलं.

"आधी सासरी गेले होते. तिथे सांगून आले, मग इथे आले." तिच्या बोलण्यात मराठी-गुजराती दोन्ही होतं, आमच्याकडे असतं तसं. "आता लपवायला काही उरलं नाही. भाईला सोडा."

"सासरचे काय म्हणाले?"

"सासू उठून आत गेली. दार उघडं ठेवलंय. बघू."

ड्रायव्हरला समोर आणलं. तिला पाहून तो भडकला, माझ्यापेक्षा जोरात. "तुले कोणी सांगं व्हतं आठे येवाले?" तुला इथे यायला कोणी सांगितलं होतं? ती म्हणाली, "तू गप बेस." तो बसला, आणि पहिल्यांदा रडला. मग सगळं सांगितलं. क्लिप हरवली होती, दुकान वाटेतच होतं, पण मुहूर्त टळेल म्हणून चिंधी बांधली. बायकांना मागे बसू नका असं म्हटलं होतं, तर मालक म्हणाला, पुढे देवी आहे, पुढे कोण बसेल? इतके दिवस मी त्याच्याशी भाव करत होतो. जी गोष्ट तो जपत होता, तिचं मोलच त्या मुलीने शून्य करून टाकलं. मग सौदा कशाचा उरणार?

ज्याची जेवढी चूक तेवढी लिहिली. ड्रायव्हरचं नाव ठेवलं, कारण क्लिप त्यानेच घातली नव्हती. मालकाचं नाव जोडलं, कारण बायका मागे त्याने बसवल्या होत्या. शेवटी एक परिच्छेद लिहिला की खाडीपट्ट्यातल्या वस्त्यांत सूचना द्यावी: पिनेखाली क्लिप असल्याशिवाय ट्रॉली हलवू नये, दांड्याला जोड साखळी बांधावी, वजन चाकांच्या थोडं पुढे ठेवावं आणि होडीत माणूस बसवू नये. साहेबांनी त्या परिच्छेदावर आडवी रेघ मारली. "आपण पोलीस आहोत, गॅरेज नाही." मी भडकलो. जे बोलायला नको ते बोललो. काही आठवड्यांत मी पर्वत पाटियाच्या चौकात वाहतुकीचा धूर खात उभा होतो. त्या खेपेच्या बढतीच्या यादीत माझं नाव नव्हतं. ते मी विसरलेलो नाही, आणि विसरायचंही नाही.

लोक विचारतात, या केसने काय शिकवलं. एवढंच, की सहज मिळालेली कबुली उचलण्याआधी ती कोणाची आहे ते बघावं. आणि कडेला उभा राहणारा माणूस सगळे नियम पाळतो, तरी दुसऱ्यांच्या रीतीखाली तोच मरतो. त्याची बायको तेच सांगत होती.

निवृत्तीनंतर एकदा त्याच फाट्याने स्कूटरवरून चाललो होतो. समोरून नवी होडी येत होती. बायका ट्रॉलीपुढे पायी चालत होत्या, हातात ताटं, गाणी. होडीत फक्त नारळ. त्या बायकांत एक जाडजूड बाई होती, तिचा डावा कोपर नीट वाकत नव्हता. तिने मला ओळखलं, ताट सावरत हसली. "जुओ साहेब, अमे बधां नीचे!" बघा, आम्ही सगळ्या खाली.

मी हसलो, आणि सवयीने दांड्याकडे पाहिलं. पिन होती. तिच्याखाली तार गुंडाळलेली होती.

मी स्कूटर आडवी लावली. ड्रायव्हर ओरडला, "काका, हटो ने, मुहूर्त जाय छे!"

"क्लिप आण," मी म्हटलं. "तोपर्यंत हटत नाही."