लॉयल माणसांची यादी

टायपिस्टकडे किस्से मागायला जावं लागत नाही. सगळ्यांचे कागद त्याच्या बोटांखालून जातात, त्यामुळे किस्से साचत जातात. आणि त्याच कारणाने सगळ्यांना त्याचा संशयही येतो.

अंबरनाथला आनंदनगरच्या एमआयडीसीत, पाण्याचे पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात मी बारा वर्षं टायपिंग केलं. नव्वद सालाच्या आगेमागे तिथे नवे मॅनेजरसाहेब आले. त्यांनी प्रत्येक कामगाराच्या नावाने एक इंग्रजी फॉर्म काढला. माणूस कितपत भरवशाचा, हे त्यात एका शब्दात लिहायचं आणि एक प्रत त्यालाही द्यायची. ऑर्डरी कमी झाल्या होत्या, माणसं काढणार अशी कुजबुज होती. अशा वेळी हातात आलेला इंग्रजी शब्द कोण सरळ मनाने घेणार?

*

पहिला फॉर्म लेथवरच्या दगडू भोईरला मिळाला. शेरा होता, 'रिलायबल'.

दगडू आठवीपर्यंत शिकलेला. पण नोटीस बोर्डावरचा एक शब्द त्याला पक्का ठाऊक होता. विडी ओढली तर 'लायबल', उशीर केला तर 'लायबल', म्हणजे कारवाईला पात्र. आणि 'रि' म्हणजे पुन्हा, हे तर रिवर्क करून करून अंगवळणी पडलेलं.

माझ्या टेबलाशी येऊन तो हळूच म्हणाला, "एकदा लायबल केलंत, दोन दिवस घरी बसलो. आता परत कशाला?"

मी खरा अर्थ सांगितला. त्याने शांतपणे ऐकून घेतला. संध्याकाळपर्यंत तोच अर्थ तो आणखी चार जणांना विचारून आला होता.

*

माझ्या शब्दावर कुणाचा भरवसा नाही म्हटल्यावर मी उल्हासनगरच्या कॅम्पात, नकली मालाच्या बाजारात जाऊन एक जाडजूड डिक्शनरी आणली. जेवणाच्या सुट्टीत ती टेबलावर ठेवली, म्हटलं ज्याचा त्याने शब्द बघावा.

दगडूने ती उलटीपालटी करून पाहिली. पुठ्ठा दाबला, पानाचा वास घेतला.

"कॅम्पातून आणलीस ना? मग अर्थ डुप्लिकेट नसतील कशावरून?"

*

फिटर कांबळेला 'डिपेंडेबल' मिळालं. तो माझ्याकडे आलाच नाही, थेट साहेबांच्या केबिनमध्ये गेला. पीएफच्या फॉर्मवर 'डिपेंडंट' या शब्दाखाली त्याने आई, बायको, तीन मुलं आणि धाकटा भाऊ अशी सहा नावं स्वतःच्या हाताने लिहिली होती. त्याने साहेबांना विचारलं, हे सहा माझ्या जिवावर जगतात, मग मी कुणाच्या जिवावर जगतो?

साहेब हसले. म्हणाले, ही तर तारीफ आहे.

"मग तेच मराठीत लिहून द्या," कांबळे म्हणाला. "सहीसकट."

साहेबांनी लिहून दिलं नाही. त्या दिवशी शॉपमधल्या सगळ्या कामगारांची खात्रीच पटली, की शब्दात काहीतरी काळंबेरं आहे.

*

संशय काही एकाच बाजूला नव्हता. पॅकिंगच्या जाधवबाईंचा चौदा एप्रिलच्या रजेचा अर्ज मी टाइप केला होता. सही करताना त्यांनी खालचं 'युअर्स फेथफुली' पेनने खोडलं. साहेबांनी मला बोलावून घेतलं. ही बाई दुसऱ्या कंपनीत जायच्या बेतात आहे का, असं दोनदा विचारलं. शेवटी बाईंनाच बोलावलं.

बाई शांतपणे म्हणाल्या, "साहेब, मी नवऱ्यालासुद्धा असं लिहून दिलेलं नाही."

रजा मंजूर झाली.

*

मग साहेबांनी गेटजवळ सगळ्यांना उभं केलं आणि हिंदीत भाषण दिलं. दिवस कठीण आहेत, मला तुमचा फुल सपोर्ट हवा, असं पुन्हा पुन्हा म्हणाले. आमच्या शॉपमध्ये सपोर्ट म्हणजे जड पंपाखाली लावायचा लोखंडी टेकू.

कांबळे माझ्या शेजारी उभा होता. तो खालच्या आवाजात म्हणाला, "बोल्ट आवळून झाले की सपोर्ट काढून घेतात. साहेबांचे बोल्ट कुठवर आलेत?"

*

आता शेवटचा. एका सकाळी साहेबांनी केबिनचं दार लावून मला अकरा नावं सांगितली. यादीच्या डोक्यावर शब्द होता, 'लॉयल'. बाहेर काही बोललास तर तूही बाहेर, असं बजावलं. हेड ऑफिससाठी एक प्रत हवी म्हणून मी नवा कार्बन लावला. नव्या कार्बनवर अक्षर न् अक्षर उमटतं, उजेडात धरलं की वाचता येतं. म्हणून काम होताच साहेबांनी तो स्वतःच्या ताब्यात घेतला आणि भट्टीत टाकायला शेलारमामांकडे दिला. मामा ऑफिसचे जुने शिपाई. शिवमंदिराजवळ राहायचे, कामापुरतं बोलायचे. त्यांना इंग्रजी येत नाही, म्हणून साहेबांचा त्यांच्यावर पूर्ण भरवसा.

जेवणाची सुट्टी संपेपर्यंत अकराच्या अकरा जण एकेक करून माझ्याकडे येऊन गेले. सगळ्यांचं एकच म्हणणं, यादीतून माझं नाव काढ. साहेबांचा माणूस म्हणून बाकीचे शेजारी जेवायला बसेनात.

दुपारी साहेबांनी मला तासभर समोर उभं केलं. कुणाला सांगितलंस? बायकोला? युनियनला? मी आईची शपथ घेतली. त्यांना पटलं नाही. माझी नोकरी गेली असंच मी धरून चाललो. त्यांनी यादी फाडली आणि म्हणाले, "दुसरी टाइप कर. माझ्यासमोर."

नव्या यादीत एकच नाव होतं. शेलार, शिपाई.

या वेळी नवा कार्बन साहेबांनीच लावला आणि काढला, मला हातही लावू दिला नाही. बेल वाजवली. मामा आले, कार्बन घेतला, मान लववून बाहेर गेले आणि व्हरांड्यात, उजेडाच्या बाजूला, क्षणभर थांबले.