पर्पेतुआचा बाप

नगरच्या एसटी स्टँडवर पपांनी माझी बॅग टपावर चढवली, खाली उतरून घाम पुसला आणि म्हणाले, "स्वेटर वरच ठेवलायस ना?" बस्स, एवढंच. आई पदर तोंडाला लावून रडत होती आणि हे कंडक्टरशी गप्पा मारत उभे. खरं सांगते, मला रागच आला. एकदा तरी "नको जाऊस" म्हणायचं होतं.

पपा आमच्या चर्चमध्ये कीर्तन करायचे. फेटा, पेटी, टाळ, सगळं साग्रसंगीत. पर्पेतुआचं आख्यान त्यांचं खास. रोमन राज्यातली तरुण बाई, पदरात तान्हं मूल. ख्रिस्ताला नाकार, नाहीतर जनावरांपुढे टाकू, असा हुकूम. म्हातारा बाप तुरुंगात येऊन तिच्या पाया पडतो, माझ्या पांढऱ्या केसांची तरी कीव कर म्हणतो. ती बधत नाही, मरणाला सामोरी जाते. बापाचा भाग पपा झटक्यात उरकायचे. "बाप असून लेकीच्या आड आला, काय म्हणावं ह्याला!" बायका हसायच्या, की पपा पुढे.

इकडे अमेरिकेत आलेल्यांना सांगायला नको. ईडन प्रेरीत आधी स्नो काढायचा, मग कार स्टार्ट करायची. चर्चला हीटिंग आहे, कॉफी आहे. टाळ नाहीत, आणि रविवारी तेच फार आठवतात. म्हणून कीर्तनाची कॅसेट मागवली. इकडे येणाऱ्या एका मावशींनी ती आणली.

कारमध्येच लावली. आवाज तोच, जरा थकलेला. बापाचा भाग आला आणि पपा तिथेच घोळत राहिले. "लेकी, माझ्या केसांकडं बघ गं." पुन्हा तेच, पुन्हा तेच. टाळ थांबले, पेटी थांबली. कुणीतरी म्हणालं, पाणी आणा. तिथे कॅसेट संपली. मागच्या सीटवरून माझी लेक म्हणाली, "ममा, डिड शी गो होम?"

घरी येऊन फोन लावला. "पपा, आख्यान अर्धंच पाठवलंत?"

"पुढचं तुला पाठ आहे की."

पाठ आहे. पण तुरुंगातून तो म्हातारा घरी कसा गेला, हे पपांनी कधी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. म्हणून विचारलं, "पपा, माझी एसटी सुटल्यावर तुम्ही घरी कसे गेलात?"



"घरी कुठं? आईला रिक्षात बसवलं. मी दिवे लागेपर्यंत तिथंच होतो, बाकावर."

घर कुठलं, असं इथे कुणी विचारलं तर मी नगर म्हणते. डोळ्यांपुढे मात्र तो बाक येतो.