विरंगुळा केंद्र क्रमांक तीन

आमची लालबागची चाळ तीन मजल्यांची. पाइप कुजला आणि वरच्या मजल्यांवरचे सगळे संडास बंद पडले. उरले फक्त तळमजल्याचे. आम्ही तिसऱ्यावर. बायकोचे गुडघे कामातून गेलेले. ती खाली जाऊन वर पोचेपर्यंत परत जायची वेळ व्हायची, म्हणून तिने पाणी पिणंच सोडलं. तहान लागली की नुसती चूळ भरायची. ते मला बघवेना. मी वॉर्ड ऑफिस गाठलं.

माझी शाळा चौथीपर्यंत, तीही अर्धवट. पण कुठल्या ऑफिसात मान खाली घालून शिरलो नाही.

तिथली इंजिनियर बाई नातीच्या वयाची. म्हणाली, "आजोबा, दुरुस्तीला निधी नाहीये. बाकड्यांना आहे. बाकडी देऊ?"

बाकडी! आमच्या भागातून निवडून गेलेले साहेब दरवर्षी बाकडीच पाठवतात. एकावर तुळशीच्या कुंड्या आहेत, एकावर गाद्या वाळतात, आणि जागा नाही म्हणून एक बाकडं दुसऱ्या बाकड्यावर बसलंय. माणसं बसतात जिन्यात.

"मग विरंगुळा केंद्र घ्या," बाई म्हणाली. "ज्येष्ठ नागरिकांसाठी. त्यात स्वच्छतागृह धरलेलं असतं."

"आणि केंद्र कुठे बांधणार? माझ्या डोक्यावर?"

"प्रत्येक मजल्यावर संडासासमोर एक कॅरम ठेवा. झालं केंद्र. फक्त बिल पास होईपर्यंत संडास म्हणू नका."

"बाई, मला विरंगुळा नको. संडासाचं भांडं हवंय. ते त्याच नावाने द्या, नाहीतर राहू दे."

घरी येऊन हे ऐटीत सांगितलं. बायको चूळ टाकून म्हणाली, "तुमका तुमचो मान, माका माझे गुडघे. विरंगुळो म्हणा नायतर राजवाडो म्हणा, माका दार उघडून होया." अर्जावर सही तिनेच केली. विरंगुळा केंद्राचा बोर्ड लागला तर त्याखालून मी कधी जाणार नाही, असं तेव्हाच बजावलं.

काम मात्र चांगलं झालं. टाइल्स, नवी भांडी, समोर कॅरम. आमच्या मजल्यावर बोर्ड लागला, विरंगुळा केंद्र क्रमांक तीन. खाली वेळ लिहिलेली. सकाळी दहा ते बारा, संध्याकाळी पाच ते सात.

"ह्या वेळात नाही आली तर?" शेजारचा भाऊ म्हणाला.

"तर कॅरम खेळायचा," मी म्हणालो.

उद्घाटन होईपर्यंत प्रत्येक दाराला फीत. कार्यकर्त्यांनी खाली स्टेज घातलं, तेही आमच्याच बाकड्यांचं, आणि नेमकं तळमजल्याच्या संडासांच्या तोंडावर. वर फीत, खाली स्टेज. साहेब सकाळी येणार होते, ते उन्हं चढली तरी नाहीत. सगळी चाळ नव्या कपड्यांत, हातात बादल्या घेऊन उभी. बोलणं कमी कमी होत गेलं. बायको आमच्या मजल्यावर सगळ्यात पुढे, भिंत धरून.

शेवटी साहेब आले, तिसऱ्या मजल्यावर चढले आणि कात्री हातात घेऊन म्हणाले, "आधी गाऱ्हाणं होऊ दे."

कोकणातल्या माणसाचं कुठलंच काम गाऱ्हाण्याशिवाय सुरू होत नाही. एकाने देवाला साकडं घालायचं, बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. आमच्या चाळीत तो मान माझा. ग्रामदेवता, राखणदार, सात पिढ्यांचे वाडवडील, सगळ्यांना बोलावल्याशिवाय मी थांबत नाही. एका लग्नाचा मुहूर्त गेला, पण गाऱ्हाणं कापलं नाही.

नारळ हातात घेतला. "बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

बायकोकडे नजर गेली. तिने डोळे मिटले होते, कपाळ घामाने ओलं. ती हळूच म्हणाली, "अवो, आटपा."

सात पिढ्या मी तिथेच उभ्या ठेवल्या. पण देवाला खोटं नाव कसं सांगू?

"ह्यो जो काय नवो संडास बांधलो हा," इंजिनियर बाईने कपाळावर हात मारला, "तो ह्या लेकरांका लाभू दे. आणि साहेबांच्या हातातली कात्री आता चालू दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!!" असा आवाज चाळीने गणपतीतही काढला नव्हता. हात जोडून डोळे मिटलेले साहेबसुद्धा ओरडले. त्यांनी डोळे उघडेपर्यंत बायको फितीखालून आत. आतून कडी लागली. मग काय, मजल्यामजल्यावर फिती तुटल्या. साहेब कात्री घेऊन तसेच उभे.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो होता, विरंगुळा केंद्राला ज्येष्ठ महिलांचा उत्स्फूर्त प्रतिसाद. बिलही पास झालं.

बायको आता तांब्याभर पाणी एका दमात पिते. मी अजून तळमजल्यालाच जातो. बोर्ड उतरत नाही तोवर जाणार. बादली घेऊन जिन्याला लागलो की ती कॅरमजवळ खुर्ची टाकून बसलेली असते. म्हणते, "जावा सावकाश. माका काय, माझो विरंगुळो चाललो हा."