मोआत्लोदीची एकच गाय
आमच्या मोचुदी गावात मोआत्लोदीला सासरचं कोणी जावई म्हणत नसे. केलेबीलेबरोबर त्याचा अठरा वर्षांचा संसार, तीन मुलं. पण बोगादीची, म्हणजे बायकोपायी तिच्या माहेरी द्यायची, गुरं काही त्याने सासरी पोचवली नव्हती. गुरं पोचली नाहीत तर मुलं मामाची, असा आमचा रिवाज. मुलीच्या लग्नाला मामा आत बसणार आणि बाप कुंपणाबाहेर. मेव्हणा सेबेखो तर त्याला नावानेच हाक मारी, तीही 'अरे' लावून.

बोगादी फार नव्हती. दोन गुरं पुरली असती, पण ती जोडीनेच द्यायची. एक चालत नाही. दुसऱ्यांची गुरं राखता राखता वीस वर्षांत मोआत्लोदीला मिळाली एकच, तांबडी गाय. तिची दोन वासरं दुष्काळात गेली. मी शेजारी, हे सगळं डोळ्यांसमोरचं.

१९७६ साली चावडीवर पुकारा झाला. तीन देशांचं मिळून चाललेलं विद्यापीठ फिसकटलं होतं. बोट्स्वानाला आता राजधानीत, गॅबोरोनला, स्वतःचं बांधायचं होतं, तेव्हा माणशी एक जनावर द्या म्हणाले. कोणी कोंबड्या आणल्या, कोणी ज्वारी. सेबेखो शंभर गुरांचा धनी. त्याने एक लंगडा बैल दिला आणि त्यावर पाऊण तास भाषण ठोकलं.

मग मोआत्लोदी तांबडीला दोरीने ओढत आला.

"अरे, वेड लागलं का तुला?" सेबेखो सगळ्यांदेखत ओरडला. "माझ्या बहिणीचं राहिलंय, आणि हा निघाला गॅबोरोनला बोगादी द्यायला!"

"तुमच्याकडे एक चालत नाही, दादा," मोआत्लोदी म्हणाला. "इथे एकच मागतायत."

लोक हसले. घरी केलेबीले हसली नाही. "अठरा वर्षं लोकांची तोंडं ऐकतेय मी! आणखी एक गाय झाली असती ना!"

"कधी?"

"कधीतरी!"

"आपली बोनोलो चार वर्षांची आहे. तिला लागेल तोवर ते उभं राहील."

केलेबीले दोन महिने त्याच्याशी बोलली नाही. घाट्याचं भांडं उंबऱ्याबाहेर आदळायची, की झालं. खरं सांगायचं तर मलाही त्याचा रागच आला होता.

बोनोलो, त्यांची धाकटी, पुढे त्याच विद्यापीठात शिकली आणि शिक्षिका झाली. तिला मागणी घालायला माणसं आली, ती रिवाजाप्रमाणे सेबेखोच्या अंगणात. मोआत्लोदी बाहेर, कुंपणाला टेकून.

"मुलगी पदवीधर आहे," सेबेखो म्हणाला. "सहा गुरं पडतील."

"द्यायचीच," मुलाचा म्हातारा चुलता म्हणाला. "विद्यापीठ बांधायच्या साली मीही एक बकरी दिली होती. तुमच्या घरातून काय गेलं होतं?"

लंगडा बैल सांगता आला असता. पण तोवर अंगणातली सगळी माणसं कुंपणाकडे बघत होती.

लग्नाच्या सकाळी सहा गुरं आली. त्यातली एक गाय सोडवून घेऊन सेबेखो रस्ता ओलांडून मोआत्लोदीच्या दाराशी आला.

"एक तू मागेच दिलीस. ती मी आज हिशेबात धरली," तो म्हणाला. "ही दुसरी, माझ्याकडून तुला. झाली जोडी. आता ही हाकत माझ्या गोठ्यात आण."

मोआत्लोदीने दोर हातात घेतला. त्याने ती गाय पुन्हा रस्ता ओलांडून सेबेखोच्या गोठ्यात नेली. केलेबीलेचे केस तोवर पांढरे झाले होते, पण तिने अशी किलकारी दिली की कोंबड्या उधळल्या.

"छत्तीस वर्षं लावलीस रे!" ती त्याला म्हणाली आणि रडायला लागली.

सेबेखोने गोठ्याची आगळ लावली, अंगणातली आपली खुर्ची उचलून पुढे ठेवली.

"या, दाजी," तो म्हणाला. "आत बसा."