पंचमीसाठी घेतलेले टायर

उमरखेडकडे गाडीनं जायचं तर टायर कोणते घालू, असं हल्ली कुणी विचारलं की मी सांगते, कोणतेही घाला. रस्ता आता घोटीव झालाय. पण साठच्या दशकात, आम्ही राळेगावला राहत होतो तेव्हा, याच एका प्रश्नावर माझी नागपंचमी अडली होती.

माझं माहेर ढाणकीच्या पुढे, काळ्या जमिनीतलं. मृग बरसला की तिकडची वाट बंद, ती थेट दसऱ्याला उघडायची. त्यामुळे लग्न झाल्यापासून एकाही पंचमीला मी माहेरी गेले नव्हते. शेजारणींना न्यायला भाऊ यायचे, आणि मी ओसरीत बसून त्यांच्या बांगड्यांचं कौतुक करायची. वरून हसायची, आतून जळायची.

आमच्या यजमानांचा सरकीचा व्यापार. लष्कराच्या लिलावातली जीप त्यांनी घेतली होती, चारही चाकांनी ओढणारी. बायकोपेक्षा तिची विचारपूस जास्त व्हायची, हे मी त्यांच्या तोंडावर म्हणत असे. त्या उन्हाळ्यात तिचे टायर पार गुळगुळीत झाले आणि नवे घ्यायला हे यवतमाळला निघाले. मीही शेजारी जाऊन बसले. काहून म्हणून विचारलं, तर म्हटलं, लुगडं घ्यायचंय.

कळंबला चहा झाला. यवतमाळात रशीदभाईंच्या दुकानापाशी गाडी थांबली. ते टायरही विकत आणि जीपची दुरुस्तीही करत. त्यांनी दोन नमुने काढले. एक सरळ रेघांचा, नागपूरच्या पक्क्या रस्त्यावर मुकाट पळणारा, वर्षानुवर्षं टिकणारा. दुसरा खोल खाचांचा. हा चिखलात जमीन उकरून पुढे जातो, पण पक्क्या रस्त्यावर घोंघावतो आणि लवकर झिजतो. यांचं येणं-जाणं नागपूरचं, तेव्हा यांचा हात रेघांकडेच गेला. माझा चेहरा पाहून यांनी तोड काढली, पुढे रेघांचे घालू, मागे खाचांचे.

"तसं नाही जमत, शेठ," रशीदभाई म्हणाले. "चारही चाकं जोडली का एक जोडी दुसरीसोबत भांडते. घ्याचे तर सारे एकसारखे घ्या."

म्हणजे एकच रस्ता निवडायचा होता. दुकानात परक्या माणसासमोर बोलायची आमच्याकडे रीत नव्हती. पण मी बोलले.

"मले पंचमीले माहेरी जाचं हाये. ह्या रेघांच्या टायरनं ते होत नाई."

रशीदभाई छपराकडे बघू लागले. हे टायरच्या खाचांमध्ये बोटं फिरवत म्हणाले, "खाचांचेच काढा." मला तिथेच रडू आलं. लुगड्याचं नंतर कुणालाच आठवलं नाही.

पंचमीच्या आदल्या दिवशी सकाळीच निघालो. फावडं, दोर, ताडपत्री सगळं सोबत. आर्णीला गरम आलुबोंडे खाल्ले. टायर इतके घोंघावत होते की यांनी काही विचारलं तर मी नुसती मान हलवायची. पेट्रोल उमरखेडलाच भरून घ्यावं लागे, पुढे मिळत नसे. मुक्कामही तिथेच, यांच्या एका व्यापारी मित्राकडे केला.

सकाळी ढाणकी मागे पडली आणि खरी चिखलाची वाट लागली. नाला पार झाला. टायर खरोखरच जमीन चावत पुढे जात होते आणि हे एखाद्या नवरदेवासारखे ताठ बसले होते. गाव दिसलं, निंबाला बांधलेला झोका दिसला, आणि तिथेच गाडी रुतली. यांनी जोर लावला तशी चाकं आणखी खाली गेली. दोन्ही बाजूंना काळ्या मातीचे ढीग उडाले. हे फावडं घेऊन खाली उतरले.

तेवढ्यात लाह्या-दुधाची ताटं घेऊन वारुळाकडे निघालेल्या बायका समोरून आल्या. सगळ्या जागच्या जागी थबकल्या. त्यांच्यात माझी माय होती.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. पंचमीला जमीन उकरत नाहीत. नांगर नाही, कुदळ नाही, बैलांना जूसुद्धा नाही. घरात विळीही बंद असते. आणि मी हट्टानं त्याच दिवसासाठी जमीन उकरणारे टायर घ्यायला लावले होते.

माय जवळ आली. माझ्याकडे पाहिलं, पण बोलली यांच्याशी, पदर सावरत, हळू आवाजात.

"जावाईबापू, गाडी आज इथंच राहू द्या. आज जमीन उकरत नाई. पायानं या."

हे काही म्हणतील या भीतीनं मी डोळे मिटले. फावडं गाडीत ठेवल्याचा आवाज आला. डोळे उघडले तर हे वहाणा हातात घेऊन, धोतर खोचून चिखलात उभे होते. गावापर्यंत आम्ही बायकांसोबत चालत गेलो. मायनं माझा हात धरला होता, तो वारुळाशी हात जोडायलाच सोडला. पुरणाची दिंडं खाल्ली, झोका घेतला, पोट भरून रडले. दुसऱ्या दिवशी दादाच्या बैलांनी जीप ओढून काढली.

राळेगावला परतल्यावर हे जीप धुवायला निघाले, तर मी बादली काढून घेतली. ऊन पडलं तशी खाचांमधली माती सुकली आणि अंगणात तिची ढेकळं गळू लागली, खाचांच्याच आकाराची. मी ती वेचून तुळशीत घातली. हे पायरीवर बसून बघत होते, हसले नाहीत. पुढे ते टायर झिजल्यावर यांनी पुन्हा खाचांचेच आणले, मला न विचारता.

परवाच्या पंचमीला नातीनं मला गाडीनं तिकडे नेलं. डांबरी रस्ता थेट निंबापर्यंत. माय नाही, दादा नाही, हेही नाहीत. घराला कुलूप. निंबाखाली जरा वेळ उभं राहून आम्ही फिरलो.

घरी आल्यावर मी वाकून टायर पाहिले. स्वच्छ होते, एक ढेकूळसुद्धा सोबत आलं नव्हतं.