सहाच्या जागी वीस

आमचं निजामपुऱ्यातलं घर बांधून झालं तेव्हा विजेचं सगळं काम माझ्या थोरल्या भावानं केलं. तो वायरमन होता. दिवे आणि पंख्यांच्या लाइनला त्यानं सहा अँपिअरचा एमसीबी, म्हणजे जास्त वीज ओढली गेली की आपोआप पडणारा स्विच, लावला आणि मला बजावलं, "ही वायर बारीक आहे. इस्त्री ह्या बोर्डावर लावायची नाही. तिच्यासाठी स्वयंपाकघरात जाड वायरचा वेगळा पॉइंट दिलाय."

मी तेव्हा घरी परकर शिवून दुकानांना द्यायचे. भारनियमनाची ती वर्षं. वीज आली की शेजारीण आणि मी बाहेरच्या खोलीतच दोन इस्त्र्या एकदम लावायचो. एमसीबी लगेच पडायचा, पंखा थांबायचा. सासूबाई वैतागायच्या, "नवीन घर नि ह्यो काय ताप?"

"दादा, मोठा लाव ना," मी भावाला म्हटलं.

"पडतोय म्हणजे त्याचं काम करतोय. तू इस्त्री आत ने."

मला राग आला. आठ दिवसांनी यंत्रमागाच्या कारखान्यात मोटारी दुरुस्त करणाऱ्या एकाला बोलावून मी वीसचा बसवून घेतला. त्यानं विचारलंसुद्धा, "भाभी, तार पतला है, चलेगा?" मी "चलेगा" म्हणाले. घरात कुणाला सांगितलं नाही.

त्यानंतर तो कधी पडला नाही. मधूनमधून बोर्डाजवळ जळकट वास यायचा, मी खिडकी उघडायचे. मग एका दुपारी बोर्ड पेटला आणि त्याखालचा परकरांचा ढीगही. सासूबाईंनी तो हातांनीच ओढून दाराबाहेर फेकला. त्यांचे दोन्ही तळवे भाजले.

भाऊ धावत आला. माझा नवरा त्याच्यावर ओरडला, "बहिणीच्या घरी तरी धड काम करायचं होतं!" भावानं मेन स्विच बंद करून एमसीबीचा डबा उघडला. वीसचा आकडा पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. मी सासूबाईंच्या हातांवर पाणी ओतत होते. मी मान वर केली नाही.

"पुन्हा करून देतो," एवढंच तो म्हणाला.

तीन दिवस खपून त्यानं सगळ्या वायरी बदलल्या. आमच्याकडे पाणीसुद्धा प्यायला नाही. पण गल्लीत बोभाटा झालाच होता. जी दोन घरं त्याला काम देणार होती त्यांनी दुसरा वायरमन बघितला. पुढे त्यानं तो धंदाच सोडला आणि एका कारखान्यात शिफ्टची नोकरी धरली.

सासूबाई गेल्यावर मी नवऱ्याला खरं काय ते सांगितलं. तो म्हणाला, "मला नको सांगूस. त्याला फोन कर."

मी केला. "दादा, तेव्हा मी बोलायला हवं होतं."

"मला वाटलं होतं तू बोलशील," तो म्हणाला. "त्या तीन दिवसांत रोज वाटायचं."

पुढे त्यानं मुलांच्या शाळेची चौकशी केली आणि फोन ठेवला. भाऊबीजेला तो अजून येतो, ओवाळून घेतो, जेवून जातो. घरातली ट्यूब बिघडली तर मात्र मी बाहेरचा माणूस बोलावते. त्याला सांगायची माझी छाती होत नाही.